दुसरा रिमोट धाकट्याकडे असायचा

ताई,
वय ४१, राहणार कराड. हार्डवेअरचं दुकान आहे. बायको शिक्षिका, मुलगी सातवीत. दिवाळीआधी माळा साफ करताना आईला आमचा जुना टीव्हीचा गेम सापडला. दोन रिमोट, एक पिस्तूल, तीन कॅसेटी. १९९५ साली पप्पांनी पुण्याहून आणला होता. मी आणि धाकटा भाऊ त्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळत मोठे झालो. कॉन्ट्रा म्हणजे आमचा जीव की प्राण. पहिला रिमोट कायम माझा, दुसरा त्याचा. धबधब्याच्या लेव्हलला मी भराभर वर जायचो, तो खाली राहून मरायचा आणि रिमोट आपटायचा.

पप्पा गेल्यावर गावातल्या जागेवरून आमचं फाटलं. मी गिऱ्हाईक बघितलं, इसार घेतला आणि मग त्याला सहीला बोलावलं. तो चिंचवडला असतो. ‘मला आधी विचारलंस का?’ एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हापासून बोलणं बंद आहे. व्यवहार अडकलाय.

आता रात्री सगळे झोपले की मी तो गेम लावतो आणि एकटाच कॉन्ट्रा खेळतो. बायको म्हणते, या वयात हे शोभतं का? मुलीला मोबाइलवरून ओरडता आणि स्वतः काय करता? मला उत्तर देता येत नाही. एका गेमचं एवढं काय घेऊन बसलोय मी? भावाला खेळायला बोलवावंसं फार वाटतं, पण तो म्हणेल, सहीसाठी नाटक चाललंय. बोलवू की नको?
— थोरला, कराड

नमस्कार.

तुमच्या पत्रात जागा किती गुंठे आहे ते नाही, भाव नाही, गिऱ्हाईक कोण तेही नाही. धबधब्याची लेव्हल मात्र आहे. ती लिहिताना तुमच्या मनात काहीतरी जुळत होतं, असं मला वाटतं. तिच्याकडे येतेच. आधी ‘एका गेमचं एवढं काय’ या प्रश्नाचं बघू, कारण तो तुम्ही लाजत विचारलाय आणि लाजण्यासारखं त्यात काही नाही.

सिनेमात जे घडतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी बाबतीत घडतं, आपण बघतो. गेममध्ये करणारे आपण असतो. उडी चुकली तर ती माझी चुकते, जमली तर मला जमते, आणि ती जमेपर्यंत अंगठ्याला जे वळण लागतं ते वर्षानुवर्षं जात नाही. तुम्ही माळ्यावरून काढलेलं यंत्र लावल्यावर पहिल्या लेव्हलला कुठे वाकायचं, कुठे उडी मारायची हे तुम्हाला आठवावं लागलं नसेल. हातच गेला असेल. आणि हाताबरोबर बाकीचंही येतं: शेजारी बसलेल्याचं कोपर, ‘पिक्चर ट्यूब जाईल’ म्हणून स्वयंपाकघरातून येणारा ओरडा, अडॅप्टर तापला म्हणून गेम बंद करून बसलेली दोन पोरं, आणि नेमकी शेवटच्या लेव्हलला गेलेली लाइट. तो गेम सेव्ह होत नसे. लाइट आली की पहिल्यापासून सुरुवात. ज्या घरांत टीव्ही एकच आणि तो वडिलांचा, त्या घरांत दोन मुलांनी आठही लेव्हल पार करणं ही मेहनतीची गोष्ट होती. लहानपणी एवढी मेहनत तुम्ही दोघांनी मिळून आणखी कशावर केली होती, हे आठवून बघा.

त्या यंत्राबद्दल थोडं सांगते, कारण तुम्ही त्याच्याकडे नुसतं खेळणं म्हणून बघताय. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडोचं, १९८३ सालचं. आपल्याकडे घरोघरी आल्या त्या त्याच्या नकला. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं आणि आत मोजकेच गेम, तेच पुन्हा वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. मूळ जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं, आणि आपल्याकडच्या पुष्कळ नकलांनीही ते दिलं नाही. तुमचा दुसरा रिमोट आज हातात घेऊन बघा. त्याच्यावर ते बटण नसेल, तर तुमच्या धाकट्या भावाला त्या सगळ्या वर्षांत कधी ‘थांब जरा’ म्हणून गेम थांबवता आलेला नाही. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे कायम तुमच्या हातात होतं.

आता मारिओ आणि कॉन्ट्रा. दोन्ही दोघांनी खेळायचे गेम, पण दोघांना बसवण्याची त्यांची रीत अगदी वेगळी. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ मरेपर्यंत त्याच्या भावाची, लुइजीची पाळी येत नाही. नावात ‘भाऊ’ आहेत, पण खेळताना एकजण पडद्यावर आणि दुसरा हातात रिमोट धरून पहिला कधी खड्ड्यात पडतो याची वाट बघत. कॉन्ट्रात तसं नाही. तो कोनामी कंपनीने १९८७ साली आधी आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी काढला आणि १९८८ साली या घरच्या यंत्रावर आणला. त्यात निळ्या पँटवाला बिल आणि लाल पँटवाला लान्स एकाच वेळी पडद्यावर असतात. एक गोळी लागली की एक जीव गेला, आणि जीव मोजून तीन. ‘एस’ अक्षर उडत आलं की कुणी घ्यायचं यावरून भांडण, कारण त्या बंदुकीच्या गोळ्या पंख्यासारख्या पसरतात आणि ती ज्याच्याकडे तो राजा. एकाने वरचा फळीवरचा माणूस मारायचा, दुसऱ्याने खालचा. तुम्हा दोघांचंही असंच वाटून घेतलेलं असणार, आणि ते कुणी शिकवलेलं नसणार.

तीस जीवांचा कोडही तुम्हाला पाठ असेलच: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. त्याचा उगम मला फार आवडतो. कोनामीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली ‘ग्रॅडियस’ हा गेम घरच्या यंत्रावर आणत होते. तपासण्यासाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागे आणि तो इतका अवघड होता की त्यांना स्वतःलाच झेपेना. म्हणून त्यांनी बटणांचा हा क्रम आत ठेवला आणि तो तसाच बाहेर पडला. पुढे कॉन्ट्रात त्याच क्रमाने तीस जीव मिळू लागले. हाशिमोतो २०२० साली गेले. त्यांचा तो कोड इंटरनेट नसतानाच्या काळात जपानमधून कराडच्या एका घरापर्यंत निव्वळ पोरांच्या तोंडून पोचला, कुणाच्या तरी मामेभावाने सांगितला, कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. तुम्हाला तो कुणी सांगितला? तुम्ही भावाला सांगितलात की त्याने तुम्हाला? त्याला विचारण्यासारखा हा एक प्रश्न आहे.

आणि आता धबधबा. ती तिसरी लेव्हल. बाकी बहुतेक ठिकाणी पडदा उजवीकडे सरकतो, इथे तो वर सरकतो, आणि सरकतो तो वरच्या खेळाडूबरोबर. खालचा खेळाडू पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला की मेला. त्याला गोळी लागलेली नसते, त्याची उडी चुकलेली नसते, शत्रूने काहीही केलेलं नसतं. तो मरतो कारण त्याचा जोडीदार वर गेला. संगणकाच्या हिशेबी यात चूक कुणाचीच नाही. वरच्याला तर कळतही नाही, कारण त्याची नजर वर असते, वरून दगड येत असतात, त्याला पुढची फळी दिसत असते. त्याच्या मते तो दोघांनाही पुढे नेत असतो. ज्याने ही लेव्हल थोरल्या भावाच्या रिमोटने खेळली त्याला ती गंमत म्हणून आठवते. ज्याने धाकट्याच्या रिमोटने खेळली, त्याला विचारा.

जागेचा व्यवहारही तुम्ही वाईट हेतूने केला असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक चांगलं होतं, हातचं जाऊ नये म्हणून इसार घेतला, घरात मोठे तुम्ही, आईजवळ राहता तुम्ही, धावपळ तुमची. हे सगळं खरं असेल. पण सगळं ठरल्यावर तुम्ही त्याला सहीला बोलावलंत. तो पैशाबद्दल बोलला नाही हे तुम्हीच लिहिलंय. ‘मला आधी विचारलंस का’ एवढंच म्हणाला. मला तरी हे त्या रिमोट आपटण्याच्या जातीचंच वाटतं.

माझा स्वतःचा आवडता गेम वेगळा आहे, आणि तो तुमच्या कामाचा आहे म्हणून सांगते. नव्वदच्या दशकात मी संगणक शिकवत असे. वर्ग संपला की डॉस या तेव्हाच्या संगणक-प्रणालीवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लावायचा हा मुलांचा आणि माझा नेम. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने बनवला आणि १९८९ साली तो आला. त्यातला राजपुत्र ज्या लयीत धावतो, कठड्याला लोंबकळतो, तोल सावरतो, ती हालचाल मेक्नरच्या धाकट्या भावाची आहे. भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचा व्हिडिओ घेतला आणि एकेक चित्र थांबवून संगणकात उतरवलं. संगीत वडिलांचं. म्हणजे ज्या गेमपुढे आम्ही डोळे फाडून बसायचो, तो एका घराने मिळून केलेला होता.

त्या गेमच्या चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा येतो. त्यातून आरपार उडी मारली की राजपुत्राची सावली सुटी होऊन पळून जाते. पुढे ती आडवी येत राहते, औषधाची बाटली पिऊन टाकते, दरवाजा बंद करून तुम्हाला खाली पाडते. मेक्नरला हे सुचलं ते अडचणीतून. यंत्राच्या मेमरीत नव्या शत्रूच्या चित्रांना जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं थोडा फेरफार करून वापरली. बाराव्या लेव्हलला ती सावली तलवार उपसून समोर उभी राहते. इतका वेळ जो समोर आला त्याला मारत आलेला खेळाडू अर्थात तलवार काढतो. वार बसतो, आणि स्वतःचाच जीव कमी होतो. पुन्हा वार, पुन्हा तेच. तिला मारलं की आपण मरतो. घड्याळ चालू असतं, कारण सगळा गेम ६० मिनिटांत संपवायचा. सुटका एकच: तलवार म्यान करायची. तीही करते. मग सरळ तिच्या अंगावर चालत जायचं आणि दोघं एक होतात. त्यानंतर समोर जी रिकामी दरी दिसते तिच्यावर पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटत जाते.

हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरले असते. पण समोरचा तलवार रोखून उभा आहे, वेळ संपत आलाय, आणि आपण होऊन आपलं हत्यार ठेवायचं, ही गोष्ट माझ्या बोटाने खाली जाणारं बटण दाबून केलेली आहे. ती करताना पोटात आलेला गोळा मला अजून आठवतो. पुढे आयुष्यात एक-दोन भांडणं अशी आली की त्या बटणाची आठवण झाली. गेम का महत्त्वाचा, याचं माझ्याकडचं उत्तर हे आहे, आणि ते मी कुणालाही मान वर करून देते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली पॅकमॅन आणि टेट्रिस आपल्या संग्रहात घेतले, तो दाखला हवा असेल तर वहिनींना जरूर द्या, पण त्याची तुम्हाला गरज पडू नये.

वहिनींबद्दल. त्यांचा आक्षेप वयाचा आहे असं तुम्हाला वाटतंय. त्यांच्या जागी बसून बघा: सगळे झोपल्यावर नवरा अंधारात आवाज बंद करून तीस वर्षांपूर्वीचा गेम एकटा खेळतोय, सकाळी विचारलं तर बोलत नाही. मलाही काळजी वाटली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमचं व्यसन आहे. त्याची खूण वय नाही आणि गेमचं नावही नाही. स्वतःवरचा ताबा सुटणं, इतर सगळ्यापेक्षा गेम पुढे येणं, नुकसान होतंय हे दिसूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर चालणं, या खुणा आहेत. तुमच्या पत्रात त्या मला दिसत नाहीत. दिसतो तो भावाची आठवण काढायला दुसरी जागा न सापडलेला माणूस. हेच वहिनींना सांगा, या किंवा तुमच्या शब्दांत. आणि गेम रात्रीतून काढून संध्याकाळी आणा, दिवाणखान्यात, दिवे लावून.

लेकीला बसवा बरोबर, पहिला रिमोट तिच्या हातात देऊन. तुम्ही दुसरा घ्या आणि धबधब्याची लेव्हल एकदा खालून खेळा. तिच्या मोबाइलवरचा गेमही तिच्याकडून शिकून घ्या. ओरडायचं की नाही ते त्यानंतर ठरवा. तिलाही कुणाबरोबर तरी खेळायला आवडत असेल.

आता भावाचं. बोलवा. पण क्रम सांभाळा, कारण तुमची भीती खरी आहे: सही अडकलेली असताना थोरल्याचा ‘ये रे खेळायला’ असा निरोप आला तर कुणालाही वास येईल.

आधी जागेचं वेगळं, कागदावर. गिऱ्हाइकाला सांगा की भावाची संमती घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, थांबायचं तर थांबा, नाहीतर इसार परत घ्या. परत द्यावा लागला तर द्या; त्यात नुकसान होईल, ते सोसा. मग भावाला साधं पत्र लिहा. इसारपावतीची प्रत, आलेला भाव, कागदपत्रं, सगळं जोडा. ‘तुला आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. व्यवहार थांबवला आहे. विकायची का, कुणाला, केव्हा, हे तू तुझ्या सवडीने सांग,’ एवढं पुरे. त्यात पप्पांची आठवण नको, आईचं वय नको, गेम तर अजिबात नको. आणि ‘थांबवला आहे’ हे खरोखर थांबवल्यावरच लिहा.

काही दिवस जाऊ देत. त्यानंतर फोनवर एक निरोप, यंत्राचा फोटो जोडून: ‘माळ्यावर आपला गेम सापडला. दोन्ही रिमोट चालतात. कधी आलास तर खेळू. पहिला रिमोट तुझा. जागेचं पत्रात लिहिलंय, त्यावर घरी एक शब्द काढणार नाही.’ निळी खूण दिसली आणि उत्तर आलं नाही तर लगेच दुसरा निरोप पाठवू नका. आईला मध्ये घालू नका, तिच्याकडून फोन करवू नका. तो आला तर त्याच्या मनाने आला पाहिजे. पत्राचं उत्तर आलं आणि गेमचं आलं नाही, तर पत्रातलं तो म्हणेल तसं करा आणि गेमचं तसंच राहू द्या. व्यवहार मिटला तरी मन लगेच जुळेल असं मी म्हणत नाही. काही घरांत नुसतं येणंजाणं सुरू व्हायलाच पुष्कळ काळ लागतो, आणि ज्याला विचारलं गेलं नव्हतं त्याने तो काळ घेतला तर त्याला घेऊ द्यावा.

आला तर घरी शब्द पाळा. चहा होईपर्यंतसुद्धा जागेचा विषय नको, त्याने काढला तरी ‘उद्या बोलू’ म्हणा.

यंत्राचं थोडं बघून ठेवा. अडॅप्टर जुना आहे, तो आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. त्याच व्होल्टेजचा आणि त्याच बाजूला प्लस-मायनस असलेला नवा सहज मिळतो, पण चुकीचा लावला तर यंत्र जाईल. पिस्तूल चपट्या टीव्हीवर चालणार नाही. पिस्तुलाने बदकं मारायच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. पिस्तुलातला डोळा तो उजेड पकडतो, आणि ते सगळं गणित पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेलं आहे. त्यासाठी दुरुस्तीवाल्याकडेच एखादा जुना ट्यूबचा टीव्ही मिळतो का विचारा. मिळाला तर घ्याच, कारण बदकांच्या त्या गेममध्ये एकाच्या हाती पिस्तूल असताना दुसऱ्याला रिमोटने बदक हवं तिकडे उडवता येतं, आणि हे आपल्याकडे फार थोड्या पोरांना माहीत होतं. तुमच्या भावालाही बहुतेक माहीत नसेल.